पियानो घेऊन खाणीच्या रस्त्यानं

चर्चचा पियानो सुरात लावून घ्यायची कल्पना माझी. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण हॅलम्स फेरी गावात कुणालाही विचारलंत तरी तो हेच सांगेल, आणि वर जरा रंगवून सांगेल. माझं नाव क्लॉइस टिडवेल. धंदा विम्याचा. आग, गारपीट, वादळ, शेजाऱ्याचं झाड आपल्या छपरावर पडणं, या सगळ्यांचे कागद माझ्याकडे तयार असतात. चांगल्या हेतूनं केलेल्या कामातून होणाऱ्या नुकसानीचा विमा मात्र अलाबामात अजून कुणी काढलेला नाही. मी दोनदा वर लिहून पाहिलं आहे.

झालं असं की, आमच्या गावचा डॉयल हॅगूड याला नॅशव्हिलच्या एका कंपनीनं नवी रेकॉर्ड करायला बोलावलं. डॉयल एकोणिसाव्या वर्षी गाव सोडून गेला. पियानो बडवत गाणारा हा माणूस एके काळी देशभरच्या रेडिओवर वाजत होता. नंतर रेडिओ थांबला, डॉयल थांबला नाही. इथून टेक्सासपर्यंत एक गुत्ता म्हणून त्यानं सोडला नसेल. आता त्याचं वय चौसष्ट. आणि नॅशव्हिलच्या लांब केसांच्या पोरांना अचानक शोध लागला की आपण इलेक्ट्रिक गिटारी घेऊन जे कंट्री-रॉक वाजवतो, ते हा म्हातारा आपण जन्मायच्या आधीपासून वाजवतोय. त्यांनी त्याला सांगितलं, तुम्ही म्हणाल तिथे रेकॉर्ड करू. डॉयल म्हणाला, हॅलम्स फेरीच्या बॅप्टिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये, ज्या पियानोवर मी शिकलो त्याच पियानोवर. नाहीतर नाही.

चर्चच्या इमारत समितीचा अध्यक्ष मी. म्हणजे गळकं छप्पर, तुंबलेलं गटार आणि घुशी हे खातं माझं. देवाच्या कामात मला यापेक्षा वरची जागा कधी मिळाली नाही. त्यामुळे हॉल द्यायचा की नाही हा प्रश्न माझ्यापुढे आला, तेव्हा माझी छाती किंचित पुढे आली, हे नाकारत नाही.

परवानगीला तीन बैठका लागल्या. पहिल्या बैठकीत चर्चच्या आवारात रॉक संगीत चालेल का, यावर चर्चा झाली. आमचे पाळक ब्रदर लामर म्हणाले, कंट्री चालेल, रॉकला माझा विरोध आहे, आणि कंट्री-रॉकबद्दल प्रार्थना करून सांगतो. दुसऱ्या बैठकीत ड्रमवर गाडं अडलं. ड्रम हॉलमध्ये वाजता कामा नये, असा ठराव १९३४ सालापासून वहीत होता आणि तो रद्द करायला जेवढी माणसं लागतात तेवढी कापणीच्या दिवसांत जमत नव्हती. शेवटी मी तोडगा काढला. ठरावात 'हॉल' म्हटलं आहे, 'स्वयंपाकघर' म्हटलेलं नाही. तेव्हा ड्रमवाला स्वयंपाकघरात शेगडीशेजारी बसेल आणि वाढपाच्या खिडकीतून वाजवेल. तिसऱ्या बैठकीत गाण्यांतले शब्द तपासले गेले. एका गाण्यात व्हिस्की होती. तिच्या जागी ताक घालावं अशी सूचना आली. डॉयलनं पत्रानं कळवलं की ताकाला हरकत नाही. त्या पत्रावर विश्वास ठेवणारे आम्ही भाबडे लोक होतो, एवढंच म्हणतो.

आता खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण यजमान म्हणून काही कर्तव्य असतं की नाही? नॅशव्हिलची माणसं येणार, आणि आमचा पियानो कसा? तो शेवटचा लावला गेला तेव्हा महायुद्ध सुरू व्हायचं होतं. मधली एक पट्टी दाबली की वर यायला विसरायची. डावीकडची एक दाबली की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखा आवाज यायचा. मिस ओलीन स्टॅगर चाळीस वर्षं दर रविवारी उपासनेची गीतं त्याच्यावर वाजवत होत्या. त्या मांजरीला वळसा घालून पुढे जायचं त्यांच्या बोटांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसऱ्याच्या घरच्या चांगल्या पियानोवरही त्या तिथे वळसा घालायच्या.

मी नदीपलीकडून मिस्टर ओझमेंटना बोलावलं. पियानो लावणारा असा माणूस चार काउंट्यांत नाही. उंच, हडकुळे, काळा कोट, हातात चामड्याची पेटी. दारात उभे राहिले की घरात कुणी आजारी आहे का, असा प्रश्न पडावा. त्यांनी पियानोचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि टोपी काढली.

तीन दिवस ते आत होते. दोन तारा तुटल्या, त्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "आता हा जगातल्या कुठल्याही पियानोशेजारी मान वर करून उभा राहील, मिस्टर टिडवेल. सगळेच सूर एक अख्खी पट्टी खाली बसले होते बिचाऱ्याचे. वर आणलाय त्याला."

मी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला. कुणाला सांगितलं नाही. डॉयलला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, आणि तो मी दिला.

त्याआधी मधे एक रविवार आला. त्या रविवारी आमच्या मंडळीला काय झालं कोण जाणे. पहिलं गीत सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीत बायका कण्हायला लागल्या. ब्रदर लामरांच्या गळ्याची शीर दोरखंडासारखी उभी राहिली. माझी बायको नेल्डा, जिला गावात गोड गळ्याची म्हणतात, ती मधेच थांबून पुस्तकाचं पान शोधत असल्यासारखं करायला लागली. उपासना संपल्यावर सगळ्यांचं एकमत झालं की यंदा हवेत परागकण फार. मिस ओलीन मात्र पियानोशेजारी बसून माझ्याकडे चष्म्यावरून बघत होत्या. मला वाटलं, कौतुकानं बघतायत.

सोमवारी सकाळी नॅशव्हिलचा ट्रक आला. आत सगळी रेकॉर्डिंगची यंत्रं. त्याच्याबरोबर रँडल कीथ नावाचा कंपनीचा माणूस, वय तिशीच्या आत, केस नेल्डापेक्षा लांब. चार वादक. ड्रमवाल्याला स्वयंपाकघर दाखवलं तर तो खूश झाला, कारण तिथे आमच्या बायकांनी करून ठेवलेलं केळ्याचं पुडिंग होतं. आणि सगळ्यांच्या मागून डॉयल. पांढरे बूट, रंगवलेले केस. चालताना गुडघा दुखतोय हे लपवणारी चाल. त्यानं मला मिठी मारली. पियानोवरून हात फिरवला. आपल्या आईबद्दल दोन शब्द बोलला. नेल्डानं डोळे पुसले. मग तो बसला आणि दोन्ही हातांनी एक सूर दाबला.

त्यानं झाकण उचलून आत वाकून पाहिलं.

त्यानं परत दाबला. मग खालच्या आवाजात दोन शब्द गुणगुणला आणि थांबला.

"याला हात कुणी लावला?" त्यानं विचारलं.

मी पुढे झालो. हात पुढे केला. आभार घ्यायला माणूस जसा करतो तसा. डॉयलनं माझ्या हाताकडे पाहिलं, टोपी उचलली आणि दाराबाहेर निघून गेला. माझा हात तसाच हवेत. शेवटी ड्रमवाल्यानं वाढपाच्या खिडकीतून बाहेर वाकून तो हातात घेऊन हलवला. भला माणूस होता.

बाहेर डॉयलनं रँडलला सांगितलं की या पियानोतला जीव गेलाय, माझ्या आईचा हात होता त्यात तो गेलाय, यावर मी गाणार नाही. रँडल माझ्याकडे आला. म्हणाला, ट्रक गुरुवारी संध्याकाळपर्यंत आमचा आहे, शुक्रवारी तो दुसरीकडे जायचाय. तोवर रेकॉर्ड झाली तर झाली. नाहीतर कंपनी दुसरी तारीख देणार नाही, या माणसाला तर नाहीच.

"पूर्वीसारखा करून ठेवा," तो म्हणाला. जणू मी पँटला पडलेला डाग होतो आणि मला धुवायचं होतं.

अर्ध्या तासात बातमी गावभर. दुपारी मी हर्शेलच्या सलूनमध्ये गेलो. दाढी करायची होती असं नाही, पण गेलो नसतो तर घाबरलो असं दिसलं असतं. हर्शेल गेली तीस वर्षं गावातल्या सगळ्यांच्या गळ्यावर वस्तरा ठेवून सल्ले देतो, त्यामुळे त्याच्या सल्ल्यांना सहसा विरोध होत नाही. त्यानं विचारलं, आमच्या आजोबांचं घड्याळ चांगलं चाललंय, तेही बघतोस का. सगळे हसले. मग प्रत्येकाकडे औषध होतं. एक म्हणाला, पियानोला वाफ द्या, लाकूड फुगलं की सूर आपोआप ढासळतो. दुसऱ्याच्या मते रविवारच्या शाळेतली चार वर्षांखालची पोरं दोन तास आत सोडावीत. हर्शेलनं माझ्या गालाला साबण फासला आणि निकाल दिला, "पिकअपमध्ये घाल आणि खाणीच्या रस्त्यानं फिरवून आण. त्या खडीवर माझ्या सासूची कवळी ढिली झाली, तर पियानोची काय कथा."

मी आधी वाफेचा प्रयोग केला, कारण तो प्रतिष्ठित वाटला. चार किटल्या, सहा ओले टॉवेल, हॉलच्या खिडक्या बंद. दोन तासांनी आत गेलो तर भिंतीवरचा पापुद्रा सुटला होता, चर्चच्या माजी पाळकांचे फोटो चौकटीत गोळा झाले होते, आणि पियानो जसाच्या तसा. मिस ओलीननी एक गीत वाजवून पाहिलं. म्हणाल्या, "छान लागलाय." त्यांच्या 'छान'मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

मंगळवारी सकाळी पिकअप. माझीच, कारण हर्शेलची धुवायला गेली होती. आठ डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, लागले चढवायला. आठही जणांनी उचलण्याबाबत आठ वेगळ्या सूचना दिल्या, त्यामुळे पियानो बराच वेळ दारात आडवा राहिला आणि आतले चौघे आतच राहिले. शेवटी चढला. दोरखंड बांधले. हर्शेल माझ्या शेजारी पुढे बसला, तज्ज्ञ म्हणून.

खाणीचा रस्ता सात मैलांचा. प्रत्येक खड्ड्याला मागून असा काही आवाज येत होता की जणू एखादा दैत्य जिन्यावरून गडगडत येतोय, तेही तालात. चौथ्या मैलावर मागे दिवा लागला. डेप्युटी शेरीफ. त्यानं गाडी थांबवायला लावली, मागे जाऊन पाहिलं, परत आला.

"पियानो कुणाचा?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, चर्चचा. त्यानं चर्चचं पत्र मागितलं. पत्र नव्हतं. विश्वस्तांची सही असलेलं पत्र असल्याशिवाय दुसऱ्याच्या मालकीचं सामान काउंटीच्या रस्त्यावरून नेता येत नाही, म्हणाला. शिवाय मागे लाल फडकं नाही. हर्शेलनं खिशातून रुमाल काढून दिला, पण तो निळा निघाला.

"नेताय कुठे?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "फिरवून आणतोय."

त्यानं खिशातून वही काढली. मग म्हणाला, "कारण काय लिहू?"

विम्याच्या धंद्यात एकोणतीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय की कागदावर नेहमी खरं लिहावं. मी म्हटलं, "बिघडवण्यासाठी."

त्यानं ते लिहिलं. 'चर्चचा पियानो बिघडवण्यासाठी.' त्याखाली माझं पूर्ण नाव. तो कागद आजही काउंटीच्या दप्तरात आहे, आणि दरवर्षी कुणीतरी मुद्दाम जाऊन तो बघून येतं.

हॉलमध्ये परत आणला. पुन्हा आठ डीकन, आता जरा कमी भक्तिभावानं. पियानोचा एक पाय खरचटला होता, त्याच्यावरची मेणबत्ती ठेवायची खोबण तुटली होती. मिस ओलीन बसल्या आणि त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या पट्ट्या एकेक वाजवल्या. एकही सूर हललेला नव्हता. ओझमेंट साहेबांचं काम होतं ते. हर्शेल म्हणाला की त्याला ठराविक वेळ द्यावा लागतो, कवळीलाही आठवडा लागला होता.

मी घरी गेलो नाही. नेल्डा दारात उभी असणार आणि काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं, आणि ती न बोलता जे बोलते ते माझ्याच्यानं त्या दिवशी सोसलं नसतं. मी नदीवर गेलो. जुन्या धक्क्यावर डॉयल बसला होता. बूट काढून पाय पाण्यात सोडले होते. बुटांशिवाय तो एकदम म्हातारा दिसत होता.

मी त्याच्या शेजारी बसलो. माफी मागितली. वाफ सांगितली, खाण सांगितली, डेप्युटी सांगितला. त्याला हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं.

"क्लॉइस," तो म्हणाला, "तुझी काही चूक नाही रे. चांगला लावलाय त्यानं. फार चांगला लावलाय."

"मग आईचा हात गेला म्हणालास ते?"

"आई पियानो वाजवायचीच नाही. ती कोंबड्या पाळायची."

मग त्यानं जे सांगितलं ते मी आठ वर्षं कुणाला बोललो नाही, नेल्डालासुद्धा नाही. डॉयल आता नाही. जायच्या आधी तो स्वतःच रेडिओवर हसत हसत सांगून गेला, म्हणून मी मोकळा झालो.

त्याला गाणं वाजवता यायचं ते दोनच पट्ट्यांत, म्हणजे दोनच ठरावीक सुरांपासून सुरू करून. शिकवलं कुणी नव्हतं, बोटं आपली आपण वाट शोधत गेली होती, आणि त्या वाटेवरून ती आता पन्नास वर्षं चालत होती. दुसरी पट्टी दिली की बोटं अंधारात चाचपडल्यासारखी व्हायची. आणि गळा तर खाली आला होता. त्याचं ते नावेचं गाणं, ज्याच्यासाठी लोक त्याला ओळखतात, त्यात शेवटी एक सूर उंच जातो. सगळं गाणं त्या सुराकडे चाललेलं असतं. तो सूर तीन वर्षांपासून लागत नव्हता. गुत्त्यांत चालून जायचं, लोक प्यायलेले असायचे. पण रेकॉर्डमध्ये कुठे लपायचं? तेव्हा त्याला आठवला तो आमचा पियानो, गावी आला की तो ज्यावर हात फिरवायचा. सगळाच्या सगळा एक पट्टी खाली उतरलेला. बोटं नेहमीच्याच जागी, आणि सूर मात्र त्याच्या गळ्यात बसणारा.

"रँडलला सांग ना," मी म्हटलं. "यंत्रांनी काहीतरी करतील."

"रँडलला माझा तरुणपणीचा आवाज आवडतो. तो ऐकून त्यानं कंपनीला पटवलंय. त्याला कळलं तर ट्रक आजच जाईल. आणि त्याचं बरोबरच असेल."

पाण्यात त्याचे पाय हलत होते. तो म्हणाला, "हसतील म्हणून नाही रे भीती. हळहळतील. ते नाही सोसायचं मला."

मी वचन दिलं. विमा एजंटाचं वचन म्हणजे त्यात बारीक अक्षरात काहीतरी असतंच, असा आमच्या गावचा समज आहे. या वचनात नव्हतं.

बुधवारी सकाळी मी पहिल्या फेरीबोटीनं नदीपलीकडे ओझमेंट साहेबांच्या दारात. सांगितलं, पियानो परत खाली करा.

त्यांनी मला आत बोलावलं नाही. म्हणाले, मी एकतीस वर्षं हे काम करतोय, आजवर एकाही वाद्याला इजा केलेली नाही. डॉक्टरकडे जाऊन माझा बरा झालेला पाय परत मोडून द्या म्हणाल का? मी म्हटलं, बिघडवायचा नाही, फक्त सगळाच एक पट्टी खाली. त्यांनी कारण विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"मग मलाही येता येत नाही."

दार बंद होत आलं होतं. फटीतून त्यांनी विचारलं, "गाणार कोण आहे?"

मी नाव सांगितलं.

"वय?"

"चौसष्ट."

त्यांचा हात कडीवरून खाली आला. मग दार उघडं ठेवून आत गेले. परत आले तेव्हा हातात जुन्या फडक्यात गुंडाळलेला नादकाटा होता, ज्याच्या सुरावर पियानो लावतात तो. त्यांनी तो गुडघ्यावर आपटून माझ्या कानाशी धरला. मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली.

"माझे वडील चर्चच्या चौघांच्या गायकमंडळीत वरच्या पट्टीत गायचे," ते म्हणाले. "साठीनंतर एक दिवस मला म्हणाले, तुझा काटा वाकडा झालाय, पियानो वर लागतोय. मी याला मुळाशी कानस मारून याचा सूर उतरवला. मग आमच्या घरचा पियानो शेवटपर्यंत या काट्यावर लावला. त्यांना कधी कळलं नाही." फडकं घडी करत ते म्हणाले, "किंवा कळलं असेल. बोलले नाहीत."

येताना फेरीबोटीत त्यांनी एक अट घातली. आपण आलो होतो हे आपण जिवंत असेपर्यंत कुणाला कळता कामा नये, आणि ती मी पाळली. ओझमेंटनं पियानो उतरवला, असं कुणी म्हणालेलं त्यांना खपणार नव्हतं. मग उतरला कसा म्हणून सांगायचं, मी विचारलं. ते म्हणाले, तुम्ही खाणीच्या रस्त्यानं नेला होतात ना?

असा मी दोघांच्या दोन गुपितांमध्ये सापडलो, आणि दोन्ही गुपितं राखायची म्हणजे मूर्ख ठरायला जागा एकच उरत होती, ती माझी.

दिवसभर हॉलचं दार बंद. बाहेर खुर्ची टाकून मी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो की इमारत समितीची घुशींबाबत तपासणी चालू आहे. आतून टण-टण आवाज येत होता. ब्रदर लामर थांबून ऐकून म्हणाले, घुशी मोठ्या दिसतात. दोनदा सगळ्या तारा उतरवाव्या लागल्या, कारण पहिल्यांदा उतरवल्या की त्या जिद्दीनं परत वर सरकतात, अगदी आमच्या डीकनांसारख्या. चार वाजता ओझमेंट साहेब मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून, काळ्या कोटात, पेटी घेऊन निघून गेले.

गुरुवारी सकाळी डॉयलला मी फक्त एवढंच म्हटलं, "एकदा बसून बघ." तो बसला. सूर दाबला. हात तसेच ठेवून त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, जमलं नाही. मग त्यानं मान वर केली आणि रँडलला म्हणाला, "चालू करा तुमचं यंत्र."

वादकांनी गिटारींचे कान पिरगाळून त्या पियानोपर्यंत खाली आणल्या. दुपारपर्यंत सहा गाणी झाली. ताकवाल्या गाण्यात डॉयलनं व्हिस्कीच म्हटलं आणि ब्रदर लामर त्याच क्षणी खोकले. तो खोकला रेकॉर्डवर आहे. चारच्या सुमारास नावेचं गाणं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि शेवटचं कडवं जवळ येत गेलं तसा माझा श्वास माझ्याच विम्याच्या कक्षेबाहेर चालला होता. तो सूर आला. डॉयल त्याच्याकडे गेला, एखादा माणूस आपल्याच घराच्या पायरीवर पाय ठेवतो तसा, आणि तिथे उभा राहिला. स्वयंपाकघरात ड्रमवाला डोळे मिटून वाजवत होता. स्टील गिटारवाल्या पोरानं वाजवायचंच सोडलं होतं.

रँडल ट्रकमधून धावत आला. म्हणाला, हाच तो पियानोचा जुना जीव, पैसे देऊन मिळत नाही. हर्शेल दारात होताच. तो मागे वळून जमलेल्या सगळ्यांना म्हणाला, "सांगितलं होतं ना, वेळ द्यावा लागतो."

मिस ओलीन माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला. "ब्रदर क्लॉइस," त्या हळूच म्हणाल्या, "खडीच्या रस्त्यानं सगळे सूर सारखेच खाली येतात, हे मला एकोणऐंशी वर्षांत ठाऊक नव्हतं." मी छताकडे पाहिलं. त्यांनी माझा हात थोपटला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

रेकॉर्ड वसंतात बाहेर आली. मुखपृष्ठावर डॉयल आणि पियानो. मागे आभार. त्यात रँडलनं लिहिलं होतं, 'ज्यांच्या कल्पनेनं आणि पिकअपनं हा पियानो वाचला त्या हर्शेल यांचे.' पिकअपसुद्धा हर्शेलची. माझं नाव वादकांच्या जेवणाची व्यवस्था करणाऱ्यांत, नेल्डाच्या नावाखाली, 'आणि पती' असं. नेल्डानं ते कव्हर दिवाणखान्यात लावलं. सलूनमध्ये ते आरशाशेजारी लागलं, आणि दाढीला बसणाऱ्या प्रत्येक परगावच्या माणसाला हर्शेल सांगायचा की गावात एक विमा एजंट आहे, त्यानं ही रेकॉर्ड बुडवलीच होती. माझ्या गळ्यावर वस्तरा असायचा. मी गप्प बसायचो.

मे महिन्यात कोर्टासमोरच्या हिरवळीवर गावानं डॉयलचा सत्कार केला. दुपारची वेळ, घडीच्या खुर्च्या, तळलेला मासा, थंड चहा, महापौर. आणि कंपनीनं कौतुकानं नॅशव्हिलहून भाड्यानं आणवलेला एक काळाभोर, चकचकीत, मोठा पियानो. मी त्याच्याजवळून गेलो तेव्हा तो नेऊन ठेवणारा माणूस अभिमानानं कुणाला तरी सांगत होता की आजच सकाळी लावलाय, अगदी काटेकोर.

माझ्या हातातला चहा सांडला. डॉयलला गाठायला धावलो तर तो मंचावर चढलाच होता. त्यानं बसून एक सूर दाबला. गर्दीतून त्याची नजर माझ्यावर आली, आणि त्यानं खांदे उडवले.

पाच गाणी निभावली. मग लोक ओरडायला लागले, नावेचं, नावेचं. त्यानं सुरू केलं. पहिलं कडवं, दुसरं. शेवटचं जवळ आलं. रँडल पहिल्या रांगेत, पुढे वाकून बसलेला. मी नेल्डाचा हात इतका घट्ट धरला की तिनं मला विचारलं, तुला घाम का आलाय.

त्या सुराच्या एक शब्द आधी डॉयलनं मायक्रोफोन उचलून लोकांकडे वळवला. "गाणं तुमच्या नदीचं आहे," तो म्हणाला. "एवढं तरी तुम्ही म्हणा."

लोक एकमेकांच्या टोप्यांकडे बघायला लागले. गावातल्या लोकांना बोलावल्याशिवाय गाता येतं, बोलावलं की लाज वाटते. मी उठून उभा राहिलो आणि गायला लागलो. मला गाता येत नाही. चर्चमध्ये मी ओठ हलवतो आणि ते सगळ्यांना पसंत आहे. दोन रांगा पुढे मिस ओलीन काठी टेकत उठल्या आणि त्यांनी साथ धरली, मग ब्रदर लामर, मग हर्शेल, मग सगळी हिरवळ. मंचावर डॉयल दोन्ही हातांनी वाजवत होता, तोंड मिटलेलं, आणि हसत होता.

नेल्डानं माझ्या बरगडीत कोपर मारलं. "क्लॉइस, तुझा सूर फार वर चाललाय."

"ठाऊक आहे," मी म्हटलं, आणि आणखी वर नेला.